‘कमी घातक’ – कशापेक्षा? ई-सिगारेटविषयक पुराव्याच्या भाषेची चिकित्सा

ई-सिगारेटच्या आरोग्यावरील परिणामांसंबंधी ब्रिटन व अमेरिका या देशांत २०१४ च्या सुमारास जो वाद पेटला तो अद्याप शमलेला नाही. दोन्ही पक्षांत वैद्यकशास्त्राचे जाणते अभ्यासक आहेत. दोहोंच्या हाती बहुतांशी तेच प्रयोग व तीच कोष्टके आहेत. आणि तरीही एक पक्ष या साधनाला धूम्रपान करणाऱ्यांचा तारक मानतो, तर दुसरा त्यातच नव्या पिढीच्या व्यसनाधीनतेचे मूळ पाहतो. एकाच सामग्रीवरून असे दोन विरुद्ध निष्कर्ष निघू लागले की ‘पुरावा अपुरा आहे’ असे म्हणून मोकळे होण्याचा प्रघात आहे. पुरावा काही बाबतींत अपुरा आहे हे खरेच. परंतु मतभेदाचा बराच मोठा भाग तो पुरावा ज्या वाक्यांतून मांडला जातो त्या वाक्यांच्या घडणीतून उद्भवलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वैद्यकीय प्रश्नाचा निवाडा करण्याचा अधिकार भाषाशास्त्राच्या अध्यापकास नाही. वाक्याचा अर्थ काय होतो, त्यातील कोणते पद गाळले असता तो बदलतो, आणि एका भाषेतून दुसरीत नेताना त्याचे काय होते, एवढेच तो सांगू शकेल. या वादात नेमके तेच फार थोड्यांनी सांगितले आहे.

प्रथम वस्तूच्या नावाविषयी. चीनमधील औषधनिर्माता होन लिक याने २००३ मध्ये ज्या साधनाला आजचे रूप दिले, त्यात तंबाखू जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांच्या द्रवात निकोटिन आणि स्वादद्रव्ये मिसळलेली असतात. विजेच्या तारेने तो द्रव तापतो आणि जे बाहेर पडते ते माणूस आत ओढतो. या ‘जे बाहेर पडते’ त्याला काय म्हणावे यातच पहिला पक्षपात होतो. इंग्रजीत ‘व्हेप’ हे क्रियापद रूढ झाले आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१४ साली त्याला वर्षाचा शब्द म्हणून गौरविले. त्या शब्दाच्या मुळाशी ‘वाफ’ आहे, आणि वाफ म्हटली की मराठी माणसाला पडशात घेतलेला वाफारा आठवतो, भाताच्या पातेल्यावरचे झाकण आठवते. वस्तुतः ई-सिगारेटमधून निघते ती निव्वळ वाफ नव्हे. ते हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांचे मिश्रण, म्हणजे परिभाषेतील ‘वायुकलिल’ होय, आणि त्यात तापलेल्या तारेपासून सुटलेले धातूंचे अंशही सापडतात. उलटपक्षी, जे लोक या क्रियेला ‘धूम्रपान’ म्हणतात तेही चुकतात. कारण धूर हा ज्वलनाचा परिणाम आणि येथे ज्वलन नाही. (‘धूम्रपान’ हा शब्दच मुळात सदोष आहे. संस्कृतात ‘धूम’ म्हणजे धूर व ‘धूम्र’ म्हणजे धुरकट रंगाचे. चरकसंहितेत औषधी धूर घेण्याच्या विधीला ‘धूमपान’च म्हटले आहे. पण रूढी बलीयसी.) आपल्या बोलीतील ‘ओढणे’ हे क्रियापद या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे. आपण विडी ओढतो, चिलीम ओढतो आणि तपकीरही ओढतो, आणि तपकिरीला धूर नसतो. ‘ई-सिगारेट ओढणे’ असे म्हटल्याने आत काय जाते याविषयी कोणताही निष्कर्ष आधीच गृहीत धरला जात नाही.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एक जुने उदाहरण आठवल्यावाचून राहणार नाही. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे सर्वांस परिचित उदाहरण. आणि जे दिसते ते धूर आहे की बाष्प याचाच संशय असताना त्यावरून अग्नीचे अनुमान करणे, हे बौद्ध नैयायिकांनी दिलेले ‘संदिग्धासिद्ध’ हेत्वाभासाचे उदाहरण. धुराचे जे सर्व परिणाम १९५० नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले, ते या तुषारांवर जसेच्या तसे लादणारे टीकाकार नेमका हाच दोष करतात. पण अग्नी नाही म्हणून अपायही नाही, असे म्हणणाऱ्याच्या बाजूनेही हे उदाहरण साक्ष देत नाही.

आता वादातील सर्वांत प्रसिद्ध वाक्याकडे वळू. ऑगस्ट २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या तत्कालीन सरकारी संस्थेने (ही संस्था २०२१ मध्ये विसर्जित झाली) एक अहवाल प्रसिद्ध करून, ई-सिगारेट ही साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा सर्वोत्तम अंदाज आहे, असे जाहीर केले. हा आकडा जगभर गेला. तो कोठून आला? त्याचा मुख्य आधार होता २०१४ मध्ये ‘युरोपियन ॲडिक्शन रिसर्च’ या नियतकालिकात आलेला डेव्हिड नट व त्यांचे सहकारी यांचा निबंध. बारा तज्ज्ञांनी एकत्र बसून निकोटिन असलेल्या बारा पदार्थांना चौदा निकषांवर गुण दिले. त्या गुणांना भार देऊन बेरीज केली. सिगारेटला शंभराच्या जवळपास आणि ई-सिगारेटला सुमारे चार गुण पडले. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत बहुतेक निकषांवर ठोस पुरावा उपलब्ध नाही, ही मर्यादा निबंधकारांनी स्वतःच नमूद केली होती. ‘द लॅन्सेट’ने त्याच महिन्याच्या अखेरीस संपादकीय लिहून या पायावर राष्ट्रीय धोरण उभारण्यास हरकत घेतली, आणि निधीचा स्रोत व काही लेखकांचे हितसंबंध यांवरही बोट ठेवले.

हितसंबंधांचा मुद्दा गौण नाही. परंतु त्यावरच सारी चर्चा झाल्याने अधिक मूलभूत गोष्ट मागे पडली. ती अशी की, हा आकडा मोजलेला नाही, तो मानलेला आहे. आपल्या प्रमाणशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हे शब्दप्रमाण आहे, आप्तवाक्य आहे. शब्दप्रमाणाला कमी लेखण्याचे कारण नाही; जाणत्या बारा जणांचे मत हे अजाणत्या बाराशेंच्या मतापेक्षा मोलाचे. पण आप्तवाक्याला आकड्याचा पोशाख चढविला की ते प्रत्यक्षासारखे दिसू लागते. ‘आमच्या मते बरीच कमी घातक’ असे म्हटले असते तर ऐकणाऱ्याने ‘तुम्ही कोण?’ असे विचारले असते. ‘९५ टक्के’ म्हटल्यावर तो प्रश्न कोणी विचारीत नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने एप्रिल २०१६ च्या अहवालात हीच गोष्ट पुष्कळ अधिक सांभाळून सांगितली. दीर्घकालीन धोका नेमका मोजता येणे शक्य नाही, तथापि उपलब्ध माहितीवरून तो धूम्रपानाच्या धोक्याच्या पाच टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव दिसत नाही, असा त्याचा आशय. तेथेही पाचाचा आकडा आहेच, पण तो कमाल मर्यादा म्हणून आहे आणि त्याच्या आधी त्याच्या अनिश्चिततेची कबुली आहे. वाक्य म्हणून ते सरस आहे. दुर्दैवाने मथळ्यात सरस वाक्ये मावत नाहीत.

हे वाक्य मराठीत आल्यावर त्याचे जे होते ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. इंग्रजीत तुलनेसाठी स्वतंत्र रूपे आहेत. तुलनेचा दुसरा पक्ष गाळला तरी विशेषणाच्या रूपावरून तुलना चालू असल्याचे कळते. मराठीत तसे नाही. ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांपुरतेच उरले. जिवंत मराठीत तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ यांच्यावर असतो. ‘गोविंदा रामापेक्षा उंच आहे’ यातून ‘रामापेक्षा’ काढा. उरते ते ‘गोविंदा उंच आहे’, आणि ती तुलना राहत नाही, ते निरपेक्ष विधान होते. ‘कमी’ या शब्दाचेही तेच. ‘कमी मिठाची भाजी’ म्हणजे अमक्या भाजीपेक्षा कमी मीठ असलेली भाजी नव्हे, तर अळणीकडे झुकणारी भाजी. मग ‘ई-सिगारेट सिगारेटपेक्षा कमी घातक आहे’ या वाक्यातील ‘सिगारेटपेक्षा’ बातमीच्या दुसऱ्या ओळीत गळाले की उरणारे ‘ई-सिगारेट कमी घातक आहे’ हे वाक्य मराठी वाचक ‘ती फारशी घातक नाही’ असेच वाचणार, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्याची चूक काढता येणार नाही. ‘पेक्षा’ हे अव्यय मुळात ‘अपेक्षा’ या शब्दाचे झिजलेले रूप आहे. ही अपेक्षा पुरी न करता तुलना बोलता येत नाही, हा आमच्या भाषेचा दंडक आहे. भाषांतरकार तो मोडतो आणि दोष शास्त्रज्ञांच्या माथी जातो.

याच्या पुढची पायरी ‘९५ टक्के सुरक्षित’ ही. भाषांतराच्या तासाला हे रूपांतर माझ्यापुढे एकाहून अधिक वेळा आले आहे, आणि ते करणारे विद्यार्थी मंद नव्हते. एखादी गोष्ट दुसरीपेक्षा ९५ टक्के कमी घातक असणे व ती ९५ टक्के सुरक्षित असणे, यांत काहीच नाते नाही. पहिली किती घातक आहे यावर सारे अवलंबून आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या ज्या पाहणीस डॉल व हिल यांनी १९५१ मध्ये आरंभ केला, तिच्या पन्नास वर्षांच्या निष्कर्षांवरून (ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले) आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे तिच्याच पायी मरतात असे दिसले. हिशेबापुरते पाच टक्के खरे धरले तर शंभरांतील पन्नास मृत्यूंच्या जागी अडीच येतात. वीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्याला हा सौदा अतिशय लाभाचा आहे. कधीच न ओढलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला मात्र शून्याच्या जागी अडीच येतात. वाक्य एकच, ‘पेक्षा’च्या आधी येणारे पद बदलले की एकाला ती सुटका आहे आणि दुसऱ्याला तो नवा धोका. ब्रिटिश आणि अमेरिकन तज्ज्ञ दहा वर्षे एकमेकांशी भांडत आहेत याचे एक कारण हे की, पहिल्यांच्या मनात वाक्य उच्चारताना चाळिशीचा धूम्रपायी असतो आणि दुसऱ्यांच्या मनात शाळकरी मुलगा.

शिवाय विषारी द्रव्यांचे प्रमाण घटले म्हणजे रोगही त्याच प्रमाणात घटतो, हे गृहीतकही सर्वत्र लागू पडत नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका संकलनात, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्यालाही वीस ओढणाऱ्याच्या हृदयविकाराच्या वाढीव धोक्यापैकी जवळजवळ निम्मा येतो असे दिसून आले. सिगारेट विसाव्या हिश्शावर आली, धोका निम्म्यावरच थांबला. म्हणून जो मनुष्य दिवसा कचेरीत ई-सिगारेट आणि रात्री घरी दोन सिगारेटी ओढतो, त्याला ‘९५ टक्के’ या आकड्याचा काडीचाही उपयोग नाही. ‘पूर्णपणे’ हे क्रियाविशेषण या साऱ्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे, आणि तोच सर्वांत आधी गळतो.

ज्याने तो गाळला नाही असा दस्तऐवज म्हणजे अमेरिकेच्या विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींनी जानेवारी २०१८ मध्ये काढलेला अहवाल. आठशेंहून अधिक संशोधने तपासून तयार केलेल्या या ग्रंथात प्रत्येक निष्कर्षापुढे पुराव्याची प्रत लिहिलेली आहे : निर्णायक, भरीव, मध्यम, मर्यादित, अपुरा, आणि अखेर ‘पुरावाच उपलब्ध नाही’. सिगारेट पूर्णपणे सोडून ई-सिगारेट घेतल्यास अनेक विषारी व कर्कजनक द्रव्यांशी येणारा संबंध घटतो, याला निर्णायक पुरावा. तसे केल्यास अनेक इंद्रियांवरील अल्पकालीन दुष्परिणाम घटतात, याला भरीव पुरावा. ई-सिगारेटमुळे माणसांत श्वसनसंस्थेचे रोग उद्भवतात किंवा नाही, तसेच हृदयाघात, पक्षाघात इत्यादींशी तिचा संबंध आहे किंवा नाही, याविषयी पुरावाच उपलब्ध नाही. ही उतरंड लक्षपूर्वक पाहावी. द्रव्यांशी येणाऱ्या संबंधापासून अल्पकालीन परिणामापर्यंत आणि तेथून दीर्घकालीन रोगापर्यंत जावे तसतसा आवाज खाली येतो. २०१५ च्या ब्रिटिश वाक्यात हे तिन्ही थर ‘घातक’ या एकाच विशेषणात कोंबले होते.

येथेच नकाराचा प्रश्न उभा राहतो. ‘हानी होते असा पुरावा नाही’ आणि ‘हानी होत नाही असा पुरावा आहे’ ही वाक्ये भिन्न आहेत हे सांगण्यास भाषाशास्त्र लागत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु लोक ही वाक्ये एक का समजतात, हे सांगण्यास ते लागते. मराठीत ‘तो येईल असे मला वाटत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणावयाचे असते ‘तो येणार नाही असे मला वाटते’. वाटणे, दिसणे, भासणे अशा क्रियापदांजवळचा नकार अशा रीतीने मुख्य वाक्यातून उपवाक्यात उतरतो. ती भाषेची नित्याची चाल आहे. ‘पुरावा नाही’ या रचनेत नकाराला अशी मुभा नाही, पण ऐकणारा सवयीने ती देतो. अकादमींनी ‘आहे किंवा नाही याविषयी’ अशी जोड प्रत्येक वेळी लावली, ती कदाचित या धोक्याच्या जाणिवेने. वाचावयास ती कंटाळवाणी वाटते. तिचा कंटाळा करणाऱ्यांनीच पुढे दोन्ही बाजूंचे मथळे लिहिले.

अभावावरून अनुमान कधी करावे याचा विचार आपल्याकडे मीमांसकांनी व नैयायिकांनी फार बारकाईने केलेला आहे. एखादी वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. ती असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असावी लागते. हीच योग्यानुपलब्धी. उजेड असलेल्या खोलीत घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच कळले नाही. विसाव्या शतकात सिगारेटचा खप वाढल्यानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढलेले दिसण्यास दोन-तीन दशके लागली. ई-सिगारेट पाश्चात्त्य बाजारात आली ती २००६-०७ च्या सुमारास, आणि तिचे बहुसंख्य प्रौढ वापरणारे पूर्वी सिगारेट ओढणारे असल्याने त्यांच्या रोगाचे श्रेय कोणाला द्यावे हेही सहज ठरत नाही. ‘इतकी वर्षे झाली, कर्करोग कोठे आहे?’ असे विचारणारा मनुष्य अंधाऱ्या खोलीत घडा शोधीत आहे. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अभ्यासकांनी सरकारसाठी केलेल्या आढाव्यात, अल्प व मध्यम मुदतीत हा धोका धूम्रपानाच्या धोक्याचा लहानसा अंश असल्याचे म्हटले आणि कधीच न ओढणाऱ्यांना तो निश्चित आहे असेही बजावले. ‘अल्प व मध्यम मुदतीत’ हे शब्द तेथे योग्यानुपलब्धीची सीमा आखतात.

आतापर्यंत अनुकूल पक्षाच्या वाक्यांची चिरफाड अधिक झाली. प्रतिकूल पक्षाची वाक्येही त्याच कसोटीस लागली पाहिजेत. जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका अमेरिकन प्रयोगशाळेचे पत्र आले. ई-सिगारेटचे साधन ५ व्होल्टवर चालविले असता तुषारांत फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्ये आढळली, आणि त्यावरून निघणारा कर्करोगाचा अंदाजित धोका सिगारेटहूनही कितीतरी पट ठरत होता. त्याच पत्रात, ३.३ व्होल्टवर ती द्रव्ये आढळली नाहीत, हेही नमूद होते. पुढे इतर संशोधकांनी असे दाखविले की, एवढ्या उष्णतेस द्रव करपतो व त्याची चव इतकी जळकी होते की माणूस तो झुरका घेऊच शकत नाही. यंत्राला चव नसल्याने ते घेते. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हे अनुमान का चुकते, हे सांगताना नैयायिक ओल्या सरपणाचा ‘उपाधी’ पुढे करतात : धूर निघतो तो ओल्या लाकडाच्या योगाने, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. पाच व्होल्ट हे या प्रयोगातील ओले सरपण. वर्तमानपत्रांनी सरपण वगळून धूर तेवढा छापला.

‘पॉपकॉर्नवाले फुप्फुस’ या भयंकर नावाचीही हकीकत अशीच आहे. २००० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या कारखान्यातील आठ माजी कामगारांना श्वासनलिकांचा असाध्य विकार जडल्याचे उघडकीस आले. संशय लोण्याचा स्वाद देणाऱ्या डायअसेटिल या द्रव्यावर होता. डिसेंबर २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना तपासलेल्या ५१ स्वादांपैकी ३९ मध्ये ते द्रव्य सापडले. ही माहिती महत्त्वाची आहे. ते द्रव्य त्या द्रवांत असावयास नको, आणि ब्रिटनमध्ये त्याला बंदीही आहे. परंतु तेच द्रव्य साध्या सिगारेटच्या धुरात त्याहून पुष्कळ अधिक असते, हे वाक्य पहिल्या वाक्याबरोबर क्वचितच प्रवास करते.

आणि २०१९ चा प्रसंग. जून महिन्यात अमेरिकन हृदयरोग संघटनेच्या एका नियतकालिकात ई-सिगारेटचा हृदयाघाताशी संबंध असल्याचा निबंध आला. त्यातील कित्येकांना हृदयाघात येऊन गेला होता तो ई-सिगारेट हाती धरण्यापूर्वीच, असे सामग्री पुन्हा तपासणाऱ्यांनी दाखविले. फेब्रुवारी २०२० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. कारण कार्याच्या आधी असावे लागते, हा तर्कसंग्रहाच्या पहिल्या वर्षातील पाठ. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकेत तरुण माणसे फुप्फुसाच्या तीव्र दाहाने रुग्णालयांत भरती होऊ लागली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. शोध घेता रुग्णांपैकी ८२ टक्क्यांनी गांजातील टी.एच.सी. असलेले द्रव वापरल्याचे सांगितले. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातील द्रवात जीवनसत्त्व ई चे ॲसिटेट सापडले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांत कोणाच्याही सापडले नाही. काळ्या बाजारातील टी.एच.सी.चे तेल दाट करण्यासाठी ते मिसळले जात होते. परंतु रोगाचे बारसे तत्पूर्वीच झाले होते, आणि त्याच्या अधिकृत नावात ई-सिगारेट हा शब्द आरंभीच बसला होता. नाव हे संक्षिप्त विधान असते; ते एकदा रूढ झाले की पुराव्याने ते बदलत नाही. अर्थात केवळ निकोटिनच वापरल्याचे सांगणारे १४ टक्के रुग्ण होते, आणि त्यांच्या सांगण्यावर कितपत विसंबावे याविषयी मतभेद आहे. तेवढे संशयाचे माप प्रतिकूल पक्षाच्या पदरात टाकले पाहिजे.

मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत ई-सिगारेट वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. ते २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. २०२४ पर्यंत ते ७.८ वर उतरले. या पाहणीतील ‘सध्या वापरणारा’ म्हणजे गेल्या तीस दिवसांत निदान एकदा वापरणारा. मराठीत ‘वापरणारा’ या धातुसाधिताला सवयीचा वास येतो. एकदा मित्राच्या हातून घेतलेला झुरका त्यात बसत नाही, पण आकड्यात बसतो. तसेच, ई-सिगारेटमुळे तरुणांत पुढे सिगारेट ‘कधीतरी’ ओढण्याचा धोका वाढतो याला अकादमींनी भरीव पुरावा म्हटले. ‘कधीतरी’ म्हणजे एकदा सुद्धा. टीकाकारांच्या ‘प्रवेशद्वार’ या रूपकात मात्र मनुष्य दारातून आत जातो आणि तेथेच राहतो. इकडे त्याच शाळांतील सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये १५.८ टक्के होते ते २०२४ मध्ये १.७ वर आले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणी दारातून आत जात असल्याचे चिन्ह त्यात दिसत नाही. म्हणून शाळकरी मुलांच्या निकोटिनाची चिंता निराधार ठरते असे मात्र नाही. सिगारेटकडे न वळलेला पण निकोटिनाशिवाय तासभरही बसू न शकणारा मुलगा हा स्वतंत्र आणि पुरेसा गंभीर प्रश्न आहे. त्याला गंभीर ठरविण्यासाठी सिगारेटच्या दाराची गरज नव्हती. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या साधनांच्या विक्रीवर बंदी घातली, हे ध्यानात घेता अनुकूल पक्षाच्या देशालाही ती चिंता उशिरा का होईना पटली असे दिसते.

धूम्रपान सोडविण्यास या साधनाचा उपयोग होतो का, यावर मात्र पुरावा आता बराच स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षअखेर सिगारेट सुटलेल्यांचे प्रमाण ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के आणि निकोटिनाच्या पट्ट्या, गोळ्या इत्यादींच्या गटात ९.९ टक्के होते. २०२२ च्या कॉक्रेन संकलनानेही हा निष्कर्ष उच्च विश्वासार्हतेचा ठरविला. पण पहिल्या गटात ज्यांची सिगारेट सुटली त्यांपैकी ८० टक्के वर्षअखेर ई-सिगारेट वापरीतच होते. दुसऱ्या गटात पट्ट्या-गोळ्या चालू ठेवणारे ९ टक्के. ‘व्यसनमुक्ती’ हा आमचा शब्द येथे मुळीच चालत नाही. सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही. ज्याच्या मते रोग म्हणजे धूर, त्याला हा विजय वाटेल. ज्याच्या मते रोग म्हणजे निकोटिनाची गुलामी, त्याला वाटणार नाही. धुराने माणसे मरतात, निकोटिनाने मुख्यतः बांधली जातात. म्हणून प्रस्तुत लेखक पहिल्यांच्या बाजूला झुकतो, हे लपविण्याचे कारण नाही.

भारतात हा वाद कायद्याने संपविण्यात आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर रोजी वटहुकूम निघाला व डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (स्वतः ओढणे हा त्यात गुन्हा नाही.) अमेरिकेतील रुग्णांच्या बातम्यांमुळे ही बंदी आली असा एक समज आहे, शिफारस त्या बातम्यांच्या आधीची आहे. श्वेतपत्रिकेत पेशींवरील परिणाम, श्वसनाचे व हृदयाचे विकार, गर्भावरील परिणाम यांची एकाच ओघात नोंद आहे, आणि पुराव्याच्या प्रतीचा भेद अकादमींच्या अहवालाइतका काटेकोरपणे पाळलेला नाही. सावधगिरीचे तत्त्व म्हणून बंदीचे समर्थन होऊ शकते. ते धोरण आहे आणि धोरणाला सिद्ध अपायाची वाट पाहण्याची सक्ती नाही. परंतु धोरणाचे वाक्य ‘करावे’ या विध्यर्थात असते आणि पुराव्याचे ‘होते’ या वर्तमानात. पहिल्याला बळ यावे म्हणून दुसऱ्याचा काळ व अर्थ बदलणे उचित नव्हे.

महाराष्ट्राच्या संदर्भात ‘पेक्षा’च्या आधीचे पद तर सर्वस्वी बदलते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी २४.४ टक्के धूररहित तंबाखू घेणारे आणि अवघे ३.८ टक्के ओढणारे आढळले. ज्वलन वगळल्याने लाभ होतो हा ब्रिटिश युक्तिवादाचा कणा. पण चुना लावून तंबाखू मळणाऱ्याच्या, दातांना मशेरी लावणाऱ्या बाईच्या, आणि २०१२ पासून बंदी असलेला गुटखा टपरीच्या मागून घेणाऱ्या पोराच्या तंबाखूत ज्वलन मुळात नाहीच. त्यांचा कर्करोग तोंडाचा आहे, आणि त्या बारा तज्ज्ञांनी सिगारेटच्या तुलनेत ई-सिगारेटला दिलेले चार गुण त्यांच्या गालातील गोळीशी कोणतीही तुलना सांगत नाहीत. ‘तंबाखूपेक्षा कमी घातक’ असे जे भाषांतर मराठी बातम्यांत आढळते ते या कारणाने सिगारेट ओढणाऱ्या थोड्यांनाच लागू पडते, आणि वाचतात ते सगळे. त्यांच्यासाठी तुलना करावयाची तर ती निकोटिनाच्या त्या च्युइंगगमशी करावी लागेल जो आजही औषधाच्या दुकानात मिळतो, आणि ज्याच्या वेष्टनावरील सूचना इंग्रजीत असतात.